रिक्थ आणि ऋण : पचमढीच्या एका जुन्या बंगल्यांतील मुक्कामाच्या निमित्तानें

चंद्रपूर जिल्ह्यांतील माजरी हें आमचें गांव कोळशाच्या खाणींमुळें व रेल्वेच्या जंक्शनामुळें लोकांस ठाऊक आहे. अशा गांवांत ज्यानें वय घालविलें त्याच्या डोळ्यांस साहेबाचा बंगला आणि मजुरांची चाळ हीं दोन घरें जोडीनें पाहण्याची संवय लागते. एक दिसलें कीं दुसरें कोठें आहे तें तो शोधूं लागतो. गेल्या हिंवाळ्यांत पचमढी येथें चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां हीच संवय आमच्याबरोबर तेथें आली, आणि तिनेंच प्रस्तुत लेख लिहविला आहे.

पचमढी आज मध्यप्रदेशांत आहे; परंतु ती आम्हां चांदेकरांस परकी नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत चांदा व महादेवाचे डोंगर ही एकाच मुलुखाची दक्षिण-उत्तर टोंकें होतीं. इ. स. १८६१ मध्यें इंग्रजांनीं मध्यप्रांत निर्माण केला तेव्हां नागपूर ही त्याची राजधानी झाली व पुढें पचमढी ही उन्हाळ्यांतील राजधानी ठरली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चांदा जिल्हा आणि पचमढी एकाच प्रांतांत नांदत होतीं. सुमारें साडेतीन हजार फूट उंचीच्या या पठारावर साहेबांनीं जे बंगले बांधले, त्यांपैकीं कांहीं आतां दुरुस्त होऊन ‘हेरिटेज हॉटेल’ या नांवानें प्रवाशांसाठीं उघडलेले आहेत. सरकारी पर्यटन खात्याच्या ‘रॉक एंड मॅनर’चें नांव पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल. आम्ही ज्या घरांत उतरलों त्याचें नांव मात्र येथें देत नाहीं; कारण आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें एका घरापुरतें नाहीं.

घर सुंदर होतें, हें आधीं सांगितलें पाहिजे. तिन्ही बाजूंस खोल व्हरांडा, उंच छत, छताजवळ हवेसाठीं ठेवलेले लहान झरोके, दिवाणखान्यांत दगडी शेकोटी, आणि अंगणांत एक जुनाट आंब्याचें झाड. ज्यांनीं दुरुस्ती केली त्यांनीं ती समजून केली होती. भिंतींचा चुना जेथें पडला होता तेथें चुनाच लाविला होता, सिमेंट थापलें नव्हतें. सेवकवर्ग अगत्यशील होता, अन्न सुग्रास होतें, आणि थंडींत शेकोटीपुढें बसून वाचण्याचें जें सुख तें आम्हीं मनसोक्त घेतलें. भिंतीवर जुनीं छायाचित्रें होतीं : वाघावर पाय ठेवून उभे राहिलेले साहेब, घोड्यांवरील साहेब, चहाच्या मेजाभोंवतीं मडमा. हीं चित्रें पाहतां पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली, कीं या सर्व चित्रांत मिळून घर बांधणारा, झाडणारा किंवा रांधणारा असा एकही मनुष्य चित्राच्या मध्यभागीं नाहीं. असलाच तर कडेला आहे, आणि त्याचें नांव खालीं लिहिलेलें नाहीं.

शब्दांची व्युत्पत्ति पाहण्याची आमची जुनी खोड आहे. तिचा येथें थोडा उपयोग होईल. ‘बंगला’ या शब्दाचा उगम उघड आहे. बंगाल देशांतील चार उतारांच्या छपराच्या घरावरून इंग्रजांनीं तो उचलला आणि आम्हीं त्यांच्याकडून परत घेतला. ‘मॅनर’ हा शब्द लॅटिन ‘मानेरे’ म्हणजे राहणें, थांबणें या धातूपासून आला. आमच्या ‘वस्’ धातूपासून जसे वास, निवास, आवसथ हे शब्द झाले, तसाच. परंतु इंग्लंडांत ‘मॅनर’ म्हणजे केवळ राहण्याचें घर नव्हतें. ज्या घराच्या धन्यास भोंवतालच्या जमिनीवर, ती कसणाऱ्या कुळांच्या श्रमावर आणि त्यांच्या तंट्यांच्या निवाड्यावर हक्क होता, तें मॅनर. म्हणून हिंदुस्थानांतील एखाद्या बंगल्यास जेव्हां मॅनर हें नांव दिलें जातें, तेव्हां त्या नांवांतच हा प्रश्न दडलेला असतो, कीं जमीन कोणाची होती व श्रम कोणाचे होते. तिसरा शब्द ‘वारसा’. हा अरबींतून फारसीच्या वाटेनें आला. त्यास आमच्या धर्मशास्त्रांतील शब्द ‘दाय’ किंवा ‘रिक्थ’. या शब्दाकडे आम्ही लेखाच्या शेवटीं परत येऊं. तूर्त त्या घराच्या जन्मकथेकडे वळूं.

पचमढीस येणाऱ्या प्रवाशास पहिल्या दिवशींच एक गोष्ट ऐकविली जाते, व ती अनेक छापील पुस्तिकांतही आहे. ती अशी, कीं इ. स. १८५७ सालीं कॅप्टन जेम्स फोर्साइथ नांवाचा लष्करी अधिकारी झांशीकडे जात असतां त्यास हें पठार अकस्मात् दिसलें, आणि त्यानें पचमढीचा शोध लाविला. या गोष्टीविरुद्ध सर्वांत भरंवशाचा साक्षीदार स्वतः फोर्साइथ हाच होय. त्याचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. नव्यानें निघालेल्या जंगल खात्याच्या कामासाठीं आपण १८६२ च्या प्रारंभीं महादेवाच्या डोंगरांत कसे गेलों व पचमढीस कायमचें ठाणें म्हणून घर कसें उभारलें, हें तो त्यांत स्वतः सांगतो. तें घर म्हणजे ‘बायसन लॉज’; त्यांत पुढें वनखात्याचें संग्रहालय झालें. त्याच ग्रंथांत त्यानें महादेवाच्या यात्रेचें वर्णन केलें आहे. ज्या स्थळीं वर्षानुवर्षें हजारों लोक चालत येत होते, त्या स्थळाचा शोध लावणें म्हणजे काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आणि ते लोक कोण होते? आजही महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाची चढण चढणाऱ्यांत, आणि श्रावणांत नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची बिकट वाट तुडविणाऱ्यांत, विदर्भांतील माणसांचा भरणा फार मोठा असतो. नागपूर, वर्धा, अमरावती, चांदा या भागांतील खेड्यांतून ‘मोठ्या महादेवास’ जाण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यानें पचमढी पाहिली ती साहेबाच्या मागून नव्हे. स्थळाचें नांवसुद्धां हीच साक्ष देतें. पांच मढ्या, म्हणजे ज्यांस लोक पांडवगुंफा म्हणतात त्या डोंगरांत कोरलेल्या पांच गुंफा, यांवरून गांवास नांव पडलें. आणि त्या गुंफा कोणीही कॅप्टन येण्यापूर्वीं शेंकडों वर्षांच्या आहेत.

इंग्रजांच्याच बाबतींत पाहिलें तरी १८५७ किंवा १८६२ हें त्यांचें पहिलें पाऊल नव्हे. येथें चांद्याचा इतिहास व पचमढीचा इतिहास एकमेकांत गुंततात, म्हणून थोडा विस्तार करतों. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली. मार्च १८१८ मध्यें इंग्रज रेसिडेंटानें आप्पासाहेब भोसल्यांस कैद केलें. त्यांजवरील आरोपांत बाजीराव पेशव्यांशीं संधान बांधल्याचा व चांद्याच्या किल्ल्याचा आश्रय करण्याच्या बेताचा आरोप होता. बाजीरावांची फौज चांद्याच्या रोखानें येत असतां एप्रिल महिन्यांत पांढरकवड्याच्या बाजूस कर्नल ॲडम्सनें तिला गांठून मोडलें. पुढील महिन्यांत याच ॲडम्सनें चांद्यास वेढा दिला. २० मे रोजीं कोट फुटला व किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. त्याच मे महिन्यांत आप्पासाहेबांस अलाहाबादेकडे नेत असतां जबलपूरच्या वाटेवर ते शिपायाच्या वेषांत पहाऱ्यांतून निसटले. चांद्याचा आसरा तर नाहींसा झाला होता. ते गेले ते महादेवाच्या डोंगरांत, गोंड सरदारांकडे. हर्रईचा चैनशाह हा त्यांचा मुख्य आधार होता.

१८१८ चा पावसाळा व त्यापुढील हिंवाळा आप्पासाहेबांनीं याच डोंगरांत काढला. शेवटीं १८१९ च्या प्रारंभीं ॲडम्सच्याच फौजा त्यांच्या पाठलागास या डोंगरांत शिरल्या, व आप्पासाहेब अशीरगडाकडे निसटून गेले. एप्रिल १८१९ मध्यें अशीरगड पडला. पुढें उत्तरेकडे हिंडत हिंडत आप्पासाहेब १८४० सालीं जोधपुरास वारले. म्हणजे ज्या पठाराचा ‘शोध’ १८५७ सालीं लागला असें सांगतात, त्याच्या परिसरांत मराठ्यांचा एक पदच्युत राजा अडतीस वर्षें आधीं आश्रयास होता आणि इंग्रजी पलटणी त्यास धुंडाळीत होत्या. चांदा जिंकणारा सेनापति आणि महादेवाच्या डोंगरांत शिरणारा सेनापति एकच, ही गोष्ट आम्हां चांदेकरांनीं विसरतां कामा नये.

दुसरा दुवा १८५८ चा. त्या वर्षाच्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून याच डोंगरांतून मुलताईकडे गेले. त्यांस साह्य करणारांत हर्राकोटचा कोरकू जहागीरदार राजा भभूतसिंह हा होता. तात्या गेले तरी हा डोंगराच्या आश्रयानें लढत राहिला. शेवटीं पकडला गेला व १८६० सालीं जबलपूर येथें त्यास देहान्त शासन झालें. त्याचा बोरीचा मुलूख सरकारजमा झाला, आणि १८६५ सालीं बोरीचें अरण्य राखीव म्हणून जाहीर झालें. हिंदुस्थानांतील अगदीं पहिल्या राखीव अरण्यांत त्याची गणना होते, व वनखात्याच्या इतिहासांत हें नांव मोठ्या अभिमानानें घेतलें जातें. हा अभिमान अस्थानीं नाहीं. तें अरण्य राखलें गेलें हें खरें आहे. पण तें कोणापासून घेऊन राखलें, हेंही तितकेंच खरें आहे. आमच्या जिल्ह्यांत याच काळीं मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. त्यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत फांशी दिलें गेलें. चांद्याचा गोंड व हर्राकोटचा कोरकू यांची एकमेकांशीं ओळख असण्याचें कारण नाहीं. परंतु दोघांच्या मरणानंतर थोड्याच वर्षांत दोन्ही मुलुखांतील अरण्यांवर एकाच खात्याचा शिक्का उठला, आणि त्या अरण्यांत एकाच नमुन्याचे बंगले उभे राहिले.

आतां पुन्हां त्या घराकडे वळूं. इतिहासाच्या अभ्यासकास कागद मिळाला नाहीं तर घर हाच कागद मानावा लागतो, आणि हा कागद पुष्कळदां लिहिणाराच्या इच्छेविरुद्धही खरें बोलतो. आमच्या खोलीस लागून प्रशस्त न्हाणीघर होतें. त्याच्या मागील भिंतींत, नव्या चुन्याच्या थराखालीं, एका लहान दाराची चौकट बुजविलेली स्पष्ट दिसत होती. दार इतकें ठेंगणें, कीं मध्यम उंचीच्या मनुष्यासही वांकून यावें लागावें. जुन्या बंगल्यांची रचना ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें दार ओळखूं येईल. मैला उचलणाऱ्यानें व पाणी भरणाऱ्यानें घरांतून न जातां बाहेरून यावें व बाहेरून जावें, यासाठीं तें ठेविलेलें असे. समोर चार पायऱ्यांचा रुंद व्हरांडा आणि मागें हें दार : एका घरास दोन वाटा, व दोहोंवरून जाणारीं माणसें कधीं एकमेकांसमोर येऊं नयेत अशी योजना. स्वयंपाकघरही असेंच घरापासून तुटक, मागील अंगणापलीकडे होतें. त्याच्याही मागें नोकरांच्या बैठ्या खोल्यांची ओळ होती. त्यांपैकीं दोन उभ्या होत्या व बाकीच्यांचा पाया तेवढा गवतांत दिसत होता. बंगला दुरुस्त झाला होता. चाळ दुरुस्त झाली नव्हती.

या बाबतींत इंग्रजांसच दोष देणें अप्रामाणिकपणाचें होईल. मागचें दार साहेबानें आपल्या देशाहून आणलें नव्हतें. आमच्या वाड्यांतूनही तें होतें, आणि तें कोणासाठीं होतें हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. साहेबाच्या बंगल्यांत दोन समाजांचा अभिमान एकत्र आला, एवढेंच.

एके दिवशीं सकाळीं बागेंत पानें झाडणाऱ्या एका वृद्ध माणसाशीं आमचें बोलणें झालें. तो कोरकू होता. शेकोटीचा दगड कोठला, जुना आंबा कोणी लाविला, कोणत्या खोलीचें छत कोणत्या पावसाळ्यांत पडलें, हें सर्व तो हातांतील झाडू न ठेवतां सांगत होता. त्याचा आजा याच घरीं पाणी भरीत असे. आजा घरांतून कसा दिसतो असें लहानपणीं त्यानें विचारलें, तेव्हां आजा म्हणाला, कीं चाळीस वर्षें न्हाणीपर्यंत गेलों, त्यापुढील खोली कशी आहे तें मला ठाऊक नाहीं. हें त्यानें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. आपल्या घराण्याची एक माहिती म्हणून सांगितलें. आम्ही त्या ‘पुढील खोलींत’ तीन रात्री निजलों होतों. त्यानंतरची चवथी रात्र आम्हांस तितकी गाढ झोंप लागली नाहीं, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं.

छांदोग्य उपनिषदांत जानश्रुति पौत्रायण या दात्या राजाची कथा आहे. त्यानें ठिकठिकाणीं आवसथ, म्हणजे पांथस्थांसाठीं निवासगृहें, बांधलीं होतीं. सर्वत्र लोकांनीं माझेंच अन्न खावें अशी त्याची इच्छा. एके रात्रीं वरून उडणाऱ्या हंसांच्या बोलण्यांतून त्यास कळलें, कीं आपल्यापेक्षां थोर असा रैक्व नांवाचा कोणी आहे. शोधूं लागतां तो सांपडला एका गाडीखालीं, अंग खाजवीत बसलेला. उपनिषदाचें तात्पर्य वेगळें आहे व तें आम्ही ओढाताण करून येथें लावीत नाहीं. पण एवढें खरें, कीं आवसथ बांधणाऱ्याचें नांव सर्वांस ठाऊक असतें, आणि जाणणारा मनुष्य पुष्कळदां गाडीखालीं किंवा आंब्याखालीं असतो. त्याच्याकडे आपण होऊन जावें लागतें.

आतां वारशाच्या शब्दाकडे. याज्ञवल्क्यस्मृतींत व तिच्यावरील मिताक्षरेंत, जिच्यावर महाराष्ट्रांतील दायविभाग पुष्कळ शतकें चालत आला, एक नियम स्पष्ट सांगितला आहे : जो रिक्थ घेईल त्यानें ऋणही फेडावें. धन तेवढें घ्यावयाचें व देणें नाकारावयाचें, अशा वारसास शास्त्र वारस मानीत नाहीं. या नियमास अपवादही आहेत. बापानें मद्यासाठीं किंवा द्यूतासाठीं केलेलें ऋण मुलानें फेडावयाचें नसतें. साहेबांच्या क्लबांतील या जातीचीं देणीं कोणीं फेडावींत असें आमचें म्हणणें नाहीं. पण जमिनीचें देणें आहे, श्रमाचें देणें आहे, आणि नांवाचें देणें आहे. पहिलीं दोन फेडणें आमच्यासारख्यांच्या हातीं नाहीं. तिसरें मात्र पूर्णपणें आमच्या हातीं आहे, कारण तें फेडण्यास कागद, शाई व थोडी चिकाटी एवढेंच भांडवल लागतें.

यावर कोणी म्हणेल, कीं प्रवासी चार दिवसांच्या विश्रांतीसाठीं जातो. त्याच्यापुढें हीं जुनीं दुःखें कशास मांडावींत? जुनें घर हॉटेल झालें म्हणूनच वांचलें, नाहींतर त्याच्या भिंतींवर पिंपळ उगवला असता. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. घर वांचविणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत, व त्यांच्यामुळें आसपासच्या लोकांस काम मिळतें हेंही लहान नव्हे. परंतु घर वांचविणें व घराची अर्धी कथा वांचविणें हीं एक नव्हेत. तें बुजविलेलें दार उघडें ठेवून त्याच्याजवळ चार ओळींची पाटी लाविली असती तर कोणाही प्रवाशाची विश्रांति मोडली नसती. उलट, आपण कोठें निजलों हें समजून तो परत गेला असता. हवा पालटत आहे, याचीं चिन्हेंही आहेत. जून २०२५ मध्यें मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळानें पचमढीस बैठक भरवून राजा भभूतसिंहाचें स्मरण केलें. ज्या गांवांत केवळ साहेबांचीं नांवें ऐकूं येत, तेथें एका कोरकू राजाचें नांव सरकारी रीतीनें उच्चारलें गेलें. याला एकशें पासष्ट वर्षें लागलीं.

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनांतही इंग्रजी अमदानींतील विश्रामगृहें व अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. ताडोब्याच्या आसपास प्रवाशांची गर्दी आहेच. उद्यां यांपैकीं एखाद्यावर ‘हेरिटेज’ची पाटी लागली तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं व वाईटही वाटणार नाहीं. परंतु चुन्याचा नवा हात फिरण्यापूर्वींच स्थानिक अभ्यासकांनीं पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात, अशी आमची विनंति आहे : घराची जागा पूर्वीं कोणत्या जमीनदारींतील किंवा कोणाच्या वहिवाटींतील होती, सागवान कोणत्या रानांतून व चुना कोणत्या भट्टींतून आला, वाहतूक मजुरीनें झाली कीं वेठीनें, खानसामे, भिस्ती, माळी, चौकीदार यांचीं घराणीं आज कोठें आहेत व त्यांच्या आठवणी काय आहेत, मागचें दार कोठें होतें, आणि नोकरांच्या खोल्या किती होत्या. जुन्या बंगल्यांतील पाहुण्यांच्या नोंदवह्या मिळाल्यास त्यांतील साहेबांच्या सह्याच न पाहतां, मागील पानांवरील हिशेबही पाहावेत. मजुरांचीं नांवें सांपडलीं तर तेथें सांपडतील. आणि हें काम लौकर झालें पाहिजे, कारण यांतील निम्मे पुरावे भिंतींत नसून माणसांत आहेत, व माणसें भिंतींइतकीं टिकत नाहींत.

निघण्याच्या दिवशीं पाहुण्यांच्या वहींत अभिप्राय लिहिण्याची विनंति झाली. घर उत्तम आहे व व्यवस्था चांगली आहे असें आम्हीं लिहिलें, कारण तें खरें होतें. त्याखालीं आणखी एक ओळ लिहिली, ती अशी : पाणी भरणाऱ्याचा नातू अद्याप बागेंत आहे, त्याची माहिती लिहून घ्यावी. त्याचें नांव आम्हीं विचारून घेतलें होतें, व तें तेथें लिहिलें. येथें तें देत नाहीं. त्या घराच्या वहींत तें असणें अधिक योग्य आहे.